शेंदूर, गेरू आणि सायकलची फ्रेम

१८८२ साली चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर एक अहवाल आला. फॉन श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाने तो लिहिला होता. प्रश्न साधा होता: या जिल्ह्यात लोखंडाचा कारखाना काढला तर तो परवडेल का? लोहारा गावाजवळच्या टेकडीत उत्तम खनिज होतं आणि वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झालेली होती. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांनी तो अहवाल वाचला आणि पोलादाचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं.

पण वरोऱ्याचा कोळसा लोखंडाच्या भट्टीला चालण्यासारखा नव्हता, आणि खाणकामाचे सरकारी नियम जाचक होते. बेत मागे पडला. १८९९ नंतर नियम सैल झाले, तेव्हा दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड पुन्हा चांद्याच्या रानात फिरले. खनिज चांगलं होतं, पण विखुरलेलं. मोठ्या कारखान्याचं पोट त्याने भरलं नसतं. मग नागपूरच्या संग्रहालयात दोराबजींची नजर एका भूगर्भ नकाशावर पडली आणि शोध दुर्ग जिल्ह्याकडे वळला. तिथून तो मयूरभंजला गेला. १९०७ मध्ये कंपनी उभी राहिली, १९१२ मध्ये साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलादाचा पहिला ठोकळा निघाला.

चांद्याचा कारखाना कागदावरच राहिला. लोखंड मात्र या जिल्ह्यांत येतच राहिलं, तयार होऊन, रंग लावून, चाकांवर बसून. आधी इंग्लंडहून, मग लुधियाना, सोनीपत आणि मद्रासहून. ते बनवण्याचं ज्ञान दूर राहिलं, पण टिकवण्याचं काम इथल्या माणसाच्या गळ्यात पडलं. हा लेख त्या टिकवण्याचा इतिहास आहे. गंजलेल्या फ्रेमचा जुना रंग काढून कमी पैशात नवा लावायचा, एवढंच ते काम. पण त्या कामात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एक मोठा बदल झालाय, आणि तो कुणी नीट सांगत नाही.

धाव गंजत नव्हती

विदर्भाला लोखंड नवं नाही. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला १९७०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. चांद्याच्या जंगलातही लाकडी कोळशाच्या छोट्या भट्ट्यांत लोखंड गाळलं जाई. इंग्रजी राजवटीत जंगलावर बंधनं आली, बाहेरचं स्वस्त लोखंड बाजारात आलं आणि या भट्ट्या विझत गेल्या.

त्या काळच्या गाडीत लोखंड किती असायचं? बैलगाडी लाकडाची. लोखंड मुख्यतः चाकावरच्या धावेत आणि आसात. लोहार धाव तापवून लाल करायचा, चाकावर बसवायचा आणि पाणी ओतायचा, म्हणजे ती आकसून घट्ट बसायची. धावेला रंग लावायची गरजच नसे. रोज दगडमातीवर घासून ती लखलखीत राहायची. नांगराचा फाळही तसाच. वापरात असलेलं लोखंड वापरानेच साफ राहायचं, ठेवणीतल्या लोखंडाला तेलाचा हात फिरवला की झालं.

सायकलने हे गणित बदललं. साध्या माणसाच्या मालकीचं, जवळजवळ पूर्ण धातूचं असं हे पहिलंच वाहन. तिच्या पातळ पोलादी नळ्या कशावरही घासत नाहीत. त्या फक्त पाऊस, दव आणि घाम झेलतात. धावेला झिजायला भरपूर लोखंड होतं. सायकलच्या नळीची भिंत मिलिमीटरच्या आसपास. तिथे गंजाला दोन-चार पावसाळे मोकळे मिळाले की नळी संपते. म्हणून सायकलचा रंग ही तिची कातडी आहे.

काळाच का?

जुन्या सायकली आठवा, किंवा आजोबांच्या फोटोत बघा. सगळ्या काळ्या. रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर, सगळ्याच. यामागे आवडीचा प्रश्न नव्हता. डांबरासारखा नैसर्गिक बिट्युमेन जवसाच्या तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये मिसळून त्याचा काळा रंग करायचे, फ्रेम त्यात बुडवायची किंवा ब्रशने रंगवायची, आणि भट्टीत भाजायची. असे दोन-तीन हात. भाजल्यावर तो थर काचेसारखा कडक होई. काळा रंग स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत न बिघडणारा. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, तीही स्वस्ताई आणि टिकाऊपणासाठीच. सायकलवाले त्या वाटेने आधीच गेलेले होते.

त्या काळ्या थराच्या खाली आणखी एक गोष्ट असायची, ती डोळ्याला दिसत नसे. १९०६ मध्ये बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेटने एक पेटंट घेतलं. लोखंड फॉस्फोरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणात ठेवलं की त्याच्या पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर तयार होतो. तो स्वतः गंज अडवतो आणि रंगाला पकड देतो. हीच पद्धत पुढे सुधारत जाऊन सायकल, मोटारी, फ्रिज, कपाटं या सगळ्यांच्या कारखान्यांत पोचली. दिल्लीतला मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं टिकला, त्याचं कारण शोधताना आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनाही फॉस्फरसच सापडला. त्या काळच्या लोखंडात तो भरपूर होता, आणि त्याचाच पातळ थर खांबावर तयार झाला.

म्हणजे कारखान्याचा खरा खर्च होता रंगाच्या खाली. साफसफाई, आम्ल, भट्टी. दुकानात गिऱ्हाईक बघतं ती वरची चमक.

शेंदूर आणि जवस

कारखान्याबाहेर भट्टी नसते. रेल्वेचा पूल, नदीतली बोट, गावातलं फाटक हे भाजता येत नाही. तिथे शंभर-दीडशे वर्षं एकच उपाय चालला. तो इथल्या कुठल्याही घराला नवा वाटला नसता: शेंदूर आणि जवसाचं तेल.

मारुतीला आपण तेलात कालवून लावतो तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. इंग्रजांच्या भाषेत रेड लेड. जवस तर विदर्भाचं जुनं पीक. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, त्याचा चिवट पापुद्रा होतो. मोहाच्या टोळीचं तेल तसं वाळत नाही, म्हणून ते रंगाला चालत नाही. शेंदूर जवसात मिसळला की दोघांची प्रक्रिया होऊन शिशाचे साबणासारखे क्षार तयार होतात, आणि ते लोखंडाचं गंजणंच रोखून धरतात. पुलांच्या आणि जहाजांच्या पहिल्या हाताचा तो केशरी रंग यामुळे होता.

शेंदराचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो माफ करणारा होता. लोखंड पूर्ण साफ झालं नसलं, कोपऱ्यात थोडा गंज राहिला असला, तरी तो सांभाळून घ्यायचा. तारेचा ब्रश मारा, शेंदरी हात द्या, वर काळा रंग लावा. फ्रेम आणखी काही वर्षं काढायची. आपल्याकडची रंगकामाची सवय या माफीवर पोसली गेली.

पण शिसं विषारी आहे. ते मेंदूवर घाला घालतं, आणि लहान मुलांना सगळ्यात आधी. त्यासाठी रंग चाटायची गरज नसते. घासताना उडालेली धूळ श्वासात, हातावर आणि हातावरून भाकरीवर जाते.

पाण्याचा कागद

१९२१ मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीने फ्रान्सिस ओकी नावाच्या माणसाचा एक शोध विकत घेतला. शोध होता पाण्यात न भिजणारा पॉलिश पेपर. मोटारींची बॉडी रंगवणाऱ्या कारागिरांना तो लगेच आवडला. पाणी मारत घासलं की पृष्ठभाग गुळगुळीत येतो, आणि धूळ उडत नाही. त्या धुळीत शिसं असायचं. आपले पेंटर आज ज्याला ‘वॉटर पेपर’ म्हणतात, तो हाच. त्याचा जन्म कारागिराच्या फुप्फुसाशी जोडलेला आहे, ही गोष्ट मात्र दुकानातून विकत घेताना कुणी सांगत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांत ड्यूपॉंटचा ‘ड्युको’ आला. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो पहिल्यांदा लागला. आधी मोटार रंगवायला आठवडे लागायचे, कारण तेलाचा रंग वाळतच नसे. ड्युको तासांत वाळायचा आणि फवाऱ्याने मारता यायचा. कंपनीचं ते नाव आपल्याकडे सामान्यनाम झालं. चंद्रपूर काय, वडसा काय, कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारा, फवाऱ्याने मारलेला गुळगुळीत रंग म्हणजे ‘ड्युको’. मूळ रसायन आता वेगळं असलं तरी शब्द तोच.

भारतातही रंगाचे कारखाने उभे राहत होते. हावड्याचं शालिमार पेंट्स १९०२ चं, मुंबईचं एशियन पेंट्स १९४२ चं. एशियन पेंट्सच्या सुरुवातीच्या दिवसांची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मोठ्या कंपन्या मोठे डबे विकत होत्या. खेड्यातल्या शेतकऱ्याला पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला चमचाभर रंग हवा असायचा. या नव्या कंपनीने अगदी छोटे डबे काढले आणि बाजार धरला. झाडीपट्टीत पोळा किती मोठा सण आहे हे वेगळं सांगायला नको. शिंगं रंगवून उरलेला रंग कुठे गेला असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या गोठ्यात आणि सायकलच्या मडगार्डवर बघून करावा.

तो छोटा डबा गरिबाच्या सायकलला पुरतो, हा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. सिंथेटिक इनॅमलचा एक लिटर एका हातात साधारण दहा चौरस मीटर जागा झाकतो. साध्या सायकलची फ्रेम, चिमटा, दोन्ही मडगार्ड आणि चेनकव्हर मिळून एक चौरस मीटरही भरत नाही. दोन हातांना दोनशे मिली पुष्कळ. रंग कधीच महाग नव्हता. महाग होतं ते त्याच्या आधीचं काम.

शेंदूर गेला, गेरू आला

घरगुती रंगांतल्या शिशावर भारतात २०१६ मध्ये नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत. कारखान्यांत लागणारे रंग त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. तरीही हार्डवेअरच्या दुकानात साधा प्राइमर मागितला, तर आज बहुतेक वेळा हातात येतो तो ‘रेड ऑक्साइड’. दिसायला विटकरी, वाटायला शेंदराचाच भाऊ.

तो शेंदराचा भाऊ नाही. रेड ऑक्साइडमधला रंग म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे गेरू, म्हणजे मुळात लोहाऱ्याच्या टेकडीत आणि एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात आहे तेच खनिज. गंजही त्याचाच पाणी प्यायलेला नातेवाईक. लोखंडाला लोखंडाच्याच मातीने झाकायचं, असा हा प्रकार. गेरू निरुपद्रवी आणि स्वस्त आहे, ऊन झेलतो. पण तो लोखंडाशी काहीच बोलत नाही. शेंदरासारखं गंजाला आवरणं त्याला जमत नाही, तो नुसता पडदा धरतो. पडद्यामागे गंज शिल्लक असेल तर तो आतल्या आत वाढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला फोड आणतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात.

हाच तो बदल. प्राइमर बदलला, सवय बदलली नाही. दोन फटके तारेच्या ब्रशचे, वर रेड ऑक्साइड, वर चकचकीत रंग, ही शेंदराच्या काळातली रीत गेरूच्या काळात चालत नाही. मग लोक म्हणतात, हल्लीचे रंग टिकत नाहीत. रंग आहेत तसेच आहेत. विषाने जे सांभाळून घेतलं होतं, ते आता हाताच्या मेहनतीने करावं लागतं.

या जिल्ह्यांत तर जास्तच. गडचिरोलीत पावसाळा दणकून पडतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, दिवसेंदिवस हवा ओलसर असते. चंद्रपुरात कोळशावर चालणारं मोठं वीजकेंद्र आहे, खाणी आहेत. कोळसा जळून निघणारा गंधकाचा वायू ओलाव्यात मिसळला की गंजाला गती मिळते.

कमी पैशात, पण या क्रमाने

मग गेरूच्या काळात फ्रेम वाचवायची कशी? कारखान्याने शंभर वर्षांपूर्वी जे केलं तेच, हाताने.

आधी सगळं उतरवायचं: चाकं, पायडल, छर्रे, हँडल. मग जुना रंग. काही ठिकाणी तो जाळून काढतात. जुन्या काळ्या सायकलीवर किंवा आधी शेंदरी हात दिलेल्या फ्रेमवर हे करू नये, शिशाचा धूर थेट छातीत जातो. जुना रस्ता कॉस्टिक सोड्याचा आहे. तेलाचा रंग म्हणजे शेवटी वाळलेलं तेल, आणि तेलात सोडा घातला की साबण होतो. म्हणून रंग मऊ होऊन सुटतो. पाण्यात थोडा थोडा सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात गेलेला थेंब दृष्टी घेऊन जाऊ शकतो. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तो आधी काढून ठेवायचा, सोडा त्याला खाऊन टाकतो. नव्या सायकलींवरचा भाजलेला पावडर कोटिंगचा रंग सोड्याला सहसा दाद देत नाही, तिथे वॉटर पेपर आणि चिकाटी.

घासायचं ते ओलं. पोरं जवळ नकोत. खरवड गोळा करून पिशवीत बांधायची, नाल्यात किंवा अंगणात टाकायची नाही.

उघडी झालेली फ्रेम नीट बघायची. रंगाने लपवलेल्या गोष्टी आता दिसतात. सांध्याजवळ केसासारखी रेघ म्हणजे चीर. जुन्या फ्रेममध्ये नळ्या पितळेच्या झाळीने जोडलेल्या असतात, तिथे खास बघावं. सळईने हलकं टोचल्यावर नळी दबली तर ती आतून गेलेली आहे, तिच्यावर पैसे घालू नयेत. मोटारसायकल असेल तर चेसिस नंबर घासून किंवा लांबी भरून बुजवायचा नाही. रंगही आरसीवर नोंदलेला असतो, बदलायचा तर आरटीओला कळवावं लागतं.

मग कॉस्लेटचं काम. फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज काढायचं द्रावण दुकानात मिळतं. ते लावलं की खड्ड्यांतला गंज सुटतो आणि मागे फॉस्फेटचा पातळ करडा थर राहतो. दुसरं एक जुनं रसायन टॅनिनचं. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळी शाई होते, हे आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे. गंज काळा करून थांबवणारी काही तयार द्रावणं हेच करतात. गडचिरोलीच्या जंगलातून हिरडा पोत्यांनी बाहेर जातो, त्या झाडाच्या अंगी असलेला हा गुण इथल्या पोरांना तरी ठाऊक असावा.

द्रावण लावून, धुऊन, पुसून, उन्हात वाळवून त्याच दिवशी प्राइमर. उघडं पोलाद ओल्या हवेत काही तासांतच लाली धरतं. इनॅमलचे हात जाड एकापेक्षा पातळ दोन. हे काम दिवाळी ते होळी या दिवसांत करावं. पावसात रंग वाळत नाही, आणि मे महिन्याच्या चंद्रपुरी उन्हात वरून वाळतो, आतून कच्चा राहतो. शेवटी नळ्यांच्या आत थोडं जळकं ऑइल फिरवायचं, कारण सीटच्या नळीतून आत गेलेलं पाणी फ्रेमला आतून खातं आणि बाहेरचा रंग त्याला काही करू शकत नाही.

या सगळ्यात विकतचं सामान थोडं आणि वेळ दोन-तीन दिवसांचा. खर्चातला मोठा वाटा कोपराचा.

कुणाच्या सायकली

हे सगळं कशासाठी, याचं उत्तर शाळेच्या वाटेवर आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असेल तर. लांबच्या मुलींसाठी निळ्या बस आहेत. गडचिरोलीतल्या मुलीही यात येतात. बारावी झाली, की ती सायकल बहिणीकडे जायला हवी. पण सायकल पावसाळे उघड्यावर काढते, आणि बहीण आठवीत येईपर्यंत ती भिंतीला टेकून गंजत उभी असते. चाकाचा टायर बदलता येतो, चेन बदलता येते. फ्रेम गेली की भंगारवाला किलोने नेतो.

सायकलीसाठी पैसे द्यायची योजना आहे, ती टिकवायला शिकवायची नाही. आश्रमशाळेत, आयटीआयमध्ये, ग्रामपंचायतीच्या एखाद्या शेडमध्ये दिवाळीनंतरचे तीन दिवस, एक प्लास्टिकचं टब, वॉटर पेपर, हातमोजे आणि रेड ऑक्साइडचे दोन डबे, एवढ्यात दहा-बारा फ्रेम सहज होतील. कारागीर गावात असतोच. त्याला फक्त हे सांगायला हवं की शेंदराचे दिवस गेले, आता घासण्यात कसर ठेवायची नाही, आणि घासायचं ते पाणी मारूनच.

सुरजागडचं खनिज आज ट्रकांनी डोंगर उतरतं, त्यासाठी चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखानाही उभा राहिला आहे. श्वार्ट्झने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी वेगळ्या डोंगरातून येतंय. लोखंड काढून परवडतं की नाही, हे कंपन्या आणि सरकार ठरवतील, आणि त्याची किंमत कोण मोजतं यावर वादही होत राहतील. आधीच घरात आलेलं दहा-बारा किलो लोखंड मात्र धाकट्या बहिणीपर्यंत पोचवणं, हे आपल्या हातात आहे.